धागा डावीकडे तुटत होता, दोष उजवीकडे होता: एका बुशिंगचं प्रकरण

अकराव्या जागेवरचं बुशिंग सात महिने बिनतक्रार चाललं होतं. आठव्या महिन्यात तिथला धागा तुटायला लागला. एरवी आठ तासांच्या पाळीत तीन-चार ब्रेक व्हायचे. ते सहा झाले, मग नऊ, आणि शेवटी एका रात्रपाळीत चौदा. कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र तापमान एका अंशानेही हललं नव्हतं. प्रयोगशाळेच्या अहवालात धाग्याचा टेक्स, म्हणजे एक किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, मर्यादेच्या मधोमध होता. कागदावर सगळं ठीक आणि जमिनीवर काचेच्या धाग्यांचा ढीग, अशी दोन आठवडे आमची अवस्था होती. काचतंतूच्या धंद्यात बुशिंग सांभाळणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे.

ज्यांनी बुशिंग जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बुशिंग म्हणजे प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या मिश्रधातूची लांबट पेटी. आमच्या पेटीत १० टक्के ऱ्होडियम होतं. भट्टीत वितळलेली काच फोरहर्थच्या पाटातून येते आणि वरून या पेटीत उतरते. पेटीच्या तळाला टिप प्लेट असते आणि तिला बारीक नळ्या, म्हणजे टिप्स, जोडलेल्या असतात. अकराव्या जागेवर अशा १६०० टिप्स होत्या, प्रत्येकीचं भोक साधारण १.६ मिलिमीटरचं. टिपमधून काचेचा थेंब खाली येतो आणि विंडर, म्हणजे धागा गुंडाळणारं यंत्र, तो सेकंदाला २० मीटर वेगाने ओढतो. ओढता ओढता दीड मिलिमीटरच्या त्या काचेचा १३ मायक्रॉनचा तंतू होतो. ८०० तंतूंचा डावा धागा आणि ८०० तंतूंचा उजवा धागा असे दोन धागे एकाच विंडरवर दोन केकमध्ये, म्हणजे दोन गुंडाळ्यांमध्ये, गुंडाळले जातात. ताशी सुमारे ४० किलो काच या एका पेटीतून जाते.

ही पेटी बाहेरून कोणी तापवत नाही, ती स्वतःच हीटर असते. दोन्ही टोकांना प्लॅटिनमचे जाड कान असतात. त्यांवर पाण्याने थंड ठेवलेले तांब्याचे क्लॅम्प बसतात आणि ट्रान्सफॉर्मरमधून येणारा प्रवाह पेटीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. आमच्याकडे व्होल्टेज साधारण साडेतीन आणि प्रवाह चार हजार अँपिअरच्या आसपास होता, म्हणजे एकूण १४ किलोवॅट. पूर्वी काचेच्या गोट्या बुशिंगमध्येच वितळवून तंतू ओढायचे, तेव्हा काच वितळवण्याचं सगळं काम या विजेवरच होतं. थेट भट्टीतून काच घेणाऱ्या रचनेत काच आयती वितळून येते. वीज लागते ती टिप प्लेट एकसारखी आणि अचूक तापलेली ठेवायला.

अचूकतेवर एवढा भर का, याला कारण आहे. ई-ग्लास, म्हणजे मुळात विजेच्या इन्सुलेशनसाठी केलेली काच, साधारण १२०० अंश सेल्सिअसला ओढण्याजोगी होते. त्या तापमानाच्या आसपास एका अंशाने तिचा चिकटपणा एक ते दीड टक्का बदलतो. चिकटपणा कमी झाला की तेवढ्याच प्रमाणात टिपमधून जास्त काच येते. म्हणजे प्लेटचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर तिकडच्या टिप्स दहा-पंधरा टक्के जास्त काच सोडणार. ओढण्याचा वेग मात्र सगळ्या तंतूंना सारखाच असतो, कारण खाली विंडर एकच आहे. गरम टोकाचे तंतू जाड होतात आणि थंड टोकाचे बारीक.

दोन आठवडे चुकीच्या बाजूला

ब्रेक डाव्या टोकाला होत होते, यात कोणाचंच दुमत नव्हतं. १६०० तंतूंपैकी एक जरी तुटला तरी त्या टिपखाली काचेचा मणी तयार होतो, तो खाली पडताना शेजारच्या तंतूंना घेऊन जातो आणि काही सेकंदांत पूर्ण धागा जातो. सुरुवात कुठून झाली हे पाहायला डोळा तयार असावा लागतो. आमच्या ऑपरेटरांचा तो तयार आहे. तिन्ही पाळ्यांनी नोंदवहीत लिहिलं होतं: डावीकडून, कडेच्या ओळी.

म्हणून आम्ही डावीकडे लागलो. टिप्सच्या ओळींमध्ये फिन कूलरच्या पट्ट्या असतात. त्यांत पाणी फिरतं, आणि टिपमधून बाहेर पडताच काच काही मिलिमीटरांत निवते ती त्यांच्यामुळे. डाव्या बाजूच्या पट्ट्यांवर काचेतून उडालेल्या क्षारांचा पांढरा थर होता, तो साफ केला. एक दिवस बरा गेला. मग साइझिंगचा, म्हणजे तंतूंना लावतात त्या लेपाचा, रोलर बदलला. डावीकडच्या पाण्याच्या फवाऱ्याचं नोझल बदललं. काही फरक पडला नाही.

आठव्या दिवशी सेटपॉइंट, म्हणजे कंट्रोलरला राखायला दिलेलं तापमान, पाच अंशांनी वाढवायचा निर्णय झाला. त्यात मीही होतो. विचार सरळ होता. डावं टोक थंड वाटतंय, थंड काच ओढताना ताण वाढतो, ताणाने तंतू तुटतो, तेव्हा थोडी उष्णता द्या. १२१० चे १२१५ केले. दीड दिवस डावीकडचे ब्रेक खरंच कमी झाले. पण एकूण काच सहा-सात टक्के जास्त येऊ लागली आणि टेक्स वर गेला. तो खाली आणायला विंडरचा वेग वाढवला. वेग वाढल्यावर डावीकडच्या तंतूंवर पुन्हा ताण आला आणि ब्रेक पूर्वीपेक्षा वाढले. त्यात आता उजव्या टोकाला फ्लडिंग सुरू झालं. फार पातळ झालेली काच टिपच्या तोंडाशी थांबत नाही, नळीच्या बाहेरून वर चढून प्लेटच्या तळाला पसरते आणि शेजारच्या टिप्सची काच तिला मिळते. एकदा ती पसरली की खरवडून, फुंकून, टिप्स मोकळ्या करून पुन्हा तंतू ओढायला पंधरा-वीस मिनिटं जातात. उजवीकडचं फ्लडिंग हे सेटपॉइंट वाढवल्याचं फळ म्हणून आम्ही सोडून दिलं. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पाच अंशांनी एकसारख्या तापलेल्या प्लेटवर फ्लडिंग एकाच टोकाला का व्हावं?

चौदा ब्रेकच्या त्या रात्रीनंतर सकाळी मी जागेवर उभा होतो. रात्रपाळीचे सर्वात जुने ऑपरेटर काका घरी निघाले होते. त्यांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "साहेब, सगळे डावीकडं बघतायत. मला वेगळंच दिसतंय. धागा तुटल्यावर मणी आधी उजवीकडचे पडतात. मोठे पण उजवीकडचेच."

मी पुढच्या ब्रेकपर्यंत थांबलो. अकरा मिनिटांनी डावीकडून धागा गेला, विंडर थांबला आणि १६०० टिप्सवर थेंब फुगायला लागले. काकांनी सांगितलं होतं तसंच झालं. उजव्या टोकाचे मणी टपोऱ्या मण्यांसारखे लोंबले आणि सुटले. ते मागे बारीक तार ओढत जमिनीवर पडले तेव्हा डाव्या टोकाचे अजून टिपलाच चिकटून होते. उजव्या टोकापासून डावीकडे अशी लाट गेल्यासारखी दिसली. एकसारख्या तापलेल्या प्लेटवर मणी जवळपास एकाच वेळी पडतात. इथे प्लेटच्या तापमानाचा उतार डोळ्यांसमोर होता, आणि तो पाहायला उपकरण लागत नव्हतं.

दोन सरासऱ्या

मग मी प्रयोगशाळेत गेलो. आमच्या अहवालात प्रत्येक डॉफला, म्हणजे भरलेले केक उतरवण्याच्या प्रत्येक फेरीला, टेक्सचा एकच आकडा असायचा: दोन्ही केकचे नमुने वजन करून त्यांची सरासरी. अहवालाचा तक्ताच तसा होता आणि वर्षानुवर्षं कोणाला ते खटकलं नव्हतं. सुदैवाने तिथली मुलगी वजनं आधी स्वतःच्या वहीत वेगवेगळी लिहायची आणि मग सरासरी काढून संगणकात भरायची. वही उघडली. महिन्याच्या सुरुवातीला डावा केक २७४, उजवा २७६. त्या दिवशी सकाळी डावा २५८, उजवा २९२. दोन्ही दिवशी सरासरी २७५. मर्यादेच्या मधोमध.

तंतूच्या भाषेत सांगायचं तर डावीकडचा तंतू १३ वरून साधारण १२.६ मायक्रॉनवर आला होता आणि उजवीकडचा १३.४ वर गेला होता. हे सबंध अर्ध्या प्लेटचे आकडे. कडेच्या ओळींत फरक याहून मोठा असणार. वजनातला तेरा टक्क्यांचा फरक म्हणजे दोन अर्ध्यांच्या तापमानात दहाएक अंशांचा फरक.

मग कंट्रोलर. प्लेटवर दोन थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या, वेल्ड केलेले असतात, डाव्या टोकाजवळ एक आणि उजव्या टोकाजवळ एक. कंट्रोलर दोघांची सरासरी काढतो आणि त्या सरासरीला सेटपॉइंटवर धरून ठेवतो. पडद्यावर दिसते ती सरासरी. वेगवेगळे आकडे दुसऱ्या पानावर असतात आणि ते पान कोणी उघडत नाही, मीही उघडलं नव्हतं. डावा १२०८, उजवा १२२२. चौदा अंशांचं अंतर. नव्या बुशिंगच्या चाचणीच्या नोंदीत ते दोन अंश होतं.

आता यंत्रणा नीट समजली. कुठल्याशा कारणाने उजव्या टोकाला जास्तीची उष्णता मिळत होती. उजवा थर्मोकपल वर गेला, त्यासोबत सरासरी वर गेली, आणि ती खाली आणायला कंट्रोलरने प्रवाह कमी केला. प्रवाह तर सगळ्या पेटीतून एकच जातो. तो कमी झाल्यावर ज्या डाव्या टोकाला काहीच झालं नव्हतं, ते विनाकारण थंड पडलं. कडेच्या ओळी पाण्याने थंड केलेल्या चौकटीजवळ असल्याने मुळातच जरा थंड असतात, त्यांना घसरायला जागा नसते. तिथले तंतू आधी तुटले. निरोगी टोक तुटत होतं आणि आजारी टोक चालत होतं. कंट्रोलरने त्याला सांगितलेलं काम चोख केलं. आम्हीच त्याच्याकडून सरासरीची राखण करून घेत होतो.

वहीतल्या वजनांचा आलेख काढला तेव्हा दोन केक एकमेकांपासून दूर जायला कधी लागले ते स्पष्ट दिसलं. त्याच्या आदल्या दिवशीची देखभालीची नोंद एका ओळीची होती: उजव्या क्लॅम्पची पाण्याची नळी गळत होती, बदलली.

दीडशे मिलिव्होल्ट

नळी बदलायला क्लॅम्प काढावा लागतो, म्हणून संशय सांध्यावर गेला. तांब्याचा क्लॅम्प आणि प्लॅटिनमचा कान यांच्यातला संपर्क कसा आहे हे बाहेरून दिसत नाही. ते मोजायचा साधा मार्ग आहे: मिलिव्होल्टमीटरचं एक टोक क्लॅम्पच्या तांब्याला आणि दुसरं कानाच्या प्लॅटिनमला, क्लॅम्पच्या अगदी कडेला लावायचं. चालू बुशिंगवर हे करता येतं. साडेतीन व्होल्टचा झटका बसत नाही, पण त्यामुळे निष्काळजी होऊ नये. चार हजार अँपिअरच्या वाटेत पाना किंवा अंगठी आडवी आली तर ती क्षणात लाल होते. हातातलं सगळं काढून, इन्सुलेट केलेल्या लांब टोकांनीच हे माप घ्यायचं.

डावीकडे ४० मिलिव्होल्ट आले. उजवीकडे १९०.

दीडशे मिलिव्होल्टचा फरक. साडेतीन व्होल्टच्या हिशेबात तो कोणाच्या नजरेत भरणार नाही, आणि व्होल्टमीटर, अँपमीटर, एकूण पॉवर या तिन्ही आकड्यांत तो दिसलाही नव्हता. पण ०.१५ व्होल्टला ४००० अँपिअरने गुणा. ६०० वॅट. तळहाताएवढ्या जागेत, प्लॅटिनमच्या कानाला टेकलेली ६०० वॅटची शेगडी दोन आठवडे पेटलेली होती आणि ती कुठल्याही आराखड्यात नव्हती. आम्ही पूर्वी उजव्या क्लॅम्पच्या पाण्याच्या नळीला हात लावून पाहिला होता आणि ती काही खास गरम लागली नव्हती. लागणारही नव्हती. मिनिटाला तीन लिटर पाण्यात यातले ४०० वॅट गेले तरी पाणी जेमतेम दोन अंशांनी तापतं. उरलेली उष्णता कानातून पेटीकडे गेली, आणि पेटीच्या टोकाला दहा अंश ढळवायला तेवढी भरपूर आहे.

कान ही बुशिंगची सर्वात दुर्लक्षित जागा आहे असं माझं मत आहे. टिप्सचं भोक शतांश मिलिमीटरमध्ये तपासतात, थर्मोकपलचं प्रमाणपत्र पाहतात, आणि क्लॅम्प मात्र हाताला लागेल तो पाना घेऊन आवळतात. त्या कानावर एका बाजूला बाराशे अंशांची पेटी असते आणि काही सेंटिमीटरांवर पाण्याचं तांबं. एवढ्याशा अंतरात हजार अंशांचा उतार असतो. म्हणून क्लॅम्प पेटीपासून किती दूर बसला आहे यालाही मिलिमीटरचं मोल आहे. क्लॅम्प बाहेर सरकवला की कानाचा उघडा भाग वाढतो, तो स्वतः जास्त तापतो आणि पेटीचं टोक गरम होतं. आत सरकवला की टोक थंड होतं. नव्या बुशिंगची दोन टोकं जुळवायला हाच उपाय वापरतात. आमच्या जोडणीच्या नोंदीत दोन्ही बाजूंना २२ मिलिमीटर होते. गेज लावून पाहिलं तर डावीकडे २२ आणि उजवीकडे २४. घाईत बसवताना क्लॅम्प दोन मिलिमीटर बाहेर राहिला होता. म्हणजे खराब संपर्क आणि चुकीची जागा, दोन्हींचा रेटा एकाच दिशेने होता.

काढणं आणि बसवणं

चालू बुशिंगची वीज दिवसभर बंद ठेवता येत नाही. काच गोठली तर पुन्हा तापवताना धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि आधीच सात महिने वाकत आलेल्या प्लेटवर त्याचा ताण येतो. म्हणून सगळं काम आधी टेबलावर मांडलं. राखीव क्लॅम्प घेतला, त्याचा तांब्याचा चेहरा बुशिंगपासून दूर, वर्कशॉपमध्ये सपाट करून घेतला, नवी नळी जोडून पाण्याचा दाब तपासला. दोघांनी रिकाम्या चौकटीवर बसवण्याची दोनदा तालीम केली.

सेटपॉइंट मूळ १२१० वर आणला, मग कंट्रोलर हातावर घेऊन प्रवाह हळूहळू उतरवला. मणी लांबायला लागले, जाड झाले, आणि टिप्सवरच थिजले. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूचा स्विच काढून कुलूप लावलं. खरा झटका तिथे आहे, इकडच्या तीन व्होल्टमध्ये नाही. मग क्लॅम्पचे बोल्ट सोडले.

खालचा बोल्ट बोटांनी फिरला.

क्लॅम्प हातात आल्यावर सगळी कथा त्याच्या चेहऱ्यावर होती. वरचा अर्धा भाग चकचकीत तांबडा, जिथे तो कानाला घट्ट टेकत होता. खालचा अर्धा भाग काळा, तांब्याच्या ऑक्साइडने माखलेला, आणि त्यावर साइझिंगच्या तुषारांचा वाळलेला पिवळट थर. चार हजार अँपिअर अर्ध्या चेहऱ्यातून जात होते. वरचा बोल्ट आवळला होता, खालच्यापर्यंत पाना पोचायला नळी आड येत होती. ज्याने ते काम केलं त्याला गरम जागी, चालू ओळीत, दहा मिनिटांत ते करायला सांगितलं गेलं होतं. त्याला दोष देण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

कान पुसताना एक गोष्ट मी पाळीतल्या प्रत्येकाला दाखवली. प्लॅटिनमला सँडपेपर लावायचा नाही, कितीही काळा दिसला तरी. सँडपेपरवरचा काळा दाणा बहुधा सिलिकॉन कार्बाइड असतो, आणि गरम प्लॅटिनममध्ये सिलिकॉन शिरला की दोघांचं मिळून जे मिश्रण होतं ते ८३० अंशांच्या आसपासच वितळतं. जो धातू एकटा १७६८ अंशांपर्यंत टिकतो त्याला चिमूटभर सिलिकॉन भगदाड पाडू शकतो. लोखंडी ब्रशही नको, त्याचे कण प्लॅटिनममध्ये मुरतात. स्वच्छ सुती कापड आणि शुद्ध अल्कोहोल, बस. गरम कानाजवळ अल्कोहोलचा फडका नुसता ओलसर ठेवायचा आणि क्लॅम्पच्या पकडीतली, निवलेली जागाच पुसायची.

नवा क्लॅम्प गेजवर २२ मिलिमीटरला बसवला. दोन्ही बोल्ट आलटून पालटून, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. वीज देऊन प्रवाह चढवला, अर्ध्या तासाने पुन्हा एकदा आवळले, कारण तापल्यावर तांबं बसतं आणि पकड थोडी सैल होते. क्लॅम्प काढल्यापासून वीज परत येईपर्यंत सात मिनिटं गेली.

उजवीकडचं माप ४२ मिलिव्होल्ट आलं.

चार तासांनी थर्मोकपल: डावा १२०८, उजवा १२१२. संध्याकाळचे केक २७२ आणि २७८. रात्रपाळीत पाच ब्रेक, दुसऱ्या दिवशी तीन. दोन टक्क्यांचा फरक मात्र उरला होता, आणि तो का उरला हे पाहायला फिन कूलरची उंची मोजली. उजवीकडे पट्टी आणि प्लेट यांच्यातलं अंतर डावीकडच्यापेक्षा ०.८ मिलिमीटरने कमी होतं. प्लॅटिनम या तापमानाला स्वतःच्या आणि काचेच्या वजनाखाली हळूहळू खाली झुकतं, त्याला क्रीप म्हणतात, आणि तापमान वाढलं की तो वेग झपाट्याने वाढतो. दोन आठवड्यांतली जास्तीची उष्णता, त्यात आम्ही स्वतः घातलेले पाच अंश, उजव्या बाजूने प्लेटमध्ये साठवून ठेवले होते. ते परत येत नाहीत. उजवीकडच्या पट्ट्या तेवढ्या खाली घेतल्या आणि उजवा क्लॅम्प एक मिलिमीटर आत, २१ वर आणला. केक २७४ आणि २७७ वर स्थिरावले.

दोन भागांच्या नियंत्रणाबद्दल

हे प्रकरण बैठकीत मांडलं तेव्हा पहिली सूचना आली की तिसरं टर्मिनल असलेलं बुशिंग घ्यावं. अशा रचनेत पेटीच्या दोन अर्ध्यांतला प्रवाह वेगवेगळा करता येतो. एका थर्मोकपलची दुसऱ्याशी तुलना होते, आणि गरम अर्ध्यातला काही प्रवाह बाजूने वळवला जातो. मोठ्या बुशिंगला ती चांगली सोय आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण या दोषापुरतं बोलायचं तर तिने धागा वाचवला असता आणि सांधा लपवला असता. उजव्या अर्ध्यातला प्रवाह कमी करून तिने तापमान जुळवलं असतं, खालचा बोल्ट सैलच राहिला असता, ऑक्साइड वाढत गेलं असतं, आणि एक दिवस कान क्लॅम्पच्या कडेला जळाला असता. प्लॅटिनम-ऱ्होडियमचा कान जळणं म्हणजे बुशिंग वेळेआधी उतरवणं. म्हणून नियंत्रण दोन भागांचं असो की एका, सांध्याचं मिलिव्होल्ट वेगळं मोजलंच पाहिजे, हा मुद्दा मी त्या बैठकीत सोडला नाही.

बदललं ते एवढंच. टेक्सच्या अहवालात डाव्या-उजव्या केकचे दोन रकाने आले आणि सरासरीचा रकाना त्यांच्यानंतर गेला. कंट्रोलरच्या पहिल्या पानावर दोन्ही थर्मोकपल वेगवेगळे दिसू लागले, आणि त्यांच्यातलं अंतर सहा अंशांवर गेलं की सूचना येते. क्लॅम्पला हात लागला की काम संपताना दोन्ही बाजूंचं मिलिव्होल्ट आणि गेजचं माप लिहिल्याशिवाय नोंद बंद होत नाही. नळीचं जोडणीचं तोंड वरच्या बाजूला फिरवून घेतलं, त्यामुळे आता खालच्या बोल्टपर्यंत पाना सरळ पोचतो.

अकराव्या जागेवरचं ते बुशिंग आणखी नऊ आठवडे चाललं आणि मग शुद्धीकरणासाठी उतरवलं. पालथं घालून पाहिलं तेव्हा डावं टोक जवळजवळ सरळ होतं. उजवं टोक शेवटच्या सहा ओळींत बशीसारखं खोलगट झालं होतं. काका शेजारी उभे होते. त्यांनी त्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "यातलं किती आपल्या पाच अंशांचं?"

ते वेगळं काढता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं.